हाडं जुळली, पण गर्भाशय सरकलेलं होतं: रेडिओथेरपीत रुग्णाची जागा तपासण्याच्या पद्धती, एका प्रकरणातून

मे महिन्यातला सोमवार, अकरावं फ्रॅक्शन, म्हणजे एकूण डोसचा अकरावा हप्ता. केव्ही इमेजची जोडी (समोरून आणि बाजूने काढलेले साधे एक्स-रे) घेतली आणि ओटीपोटाची हाडं प्लॅनिंगच्या चित्राशी एक मिलिमीटरच्या आत जुळली. त्याच टेबलावर, पुढच्या पाच मिनिटांत घेतलेल्या कोन बीम सीटीत (उपचाराच्या मशीनवरच काढलेल्या, मऊ भागही दाखवणाऱ्या त्रिमितीय चित्रात) गर्भाशयाचा माथा, म्हणजे वरचं टोक, ठरलेल्या जागेपासून २२ मिमी पुढे आणि खाली आलेला दिसला. मशीन ठीक होतं, केव्ही जुळणी बरोबर होती, सीटीही बरोबर होता. दोन तपासण्यांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती, आणि आदल्या दोन आठवड्यांत त्यातला एकच प्रश्न रोज विचारला गेला होता.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. यातल्या बाई आणि त्यांचे आकडे कुणा एका व्यक्तीचे नाहीत. मात्र यातली प्रत्येक अडचण मराठवाड्यातल्या केंद्रावर भर उन्हाळ्यात समोर येऊ शकते, म्हणून ती तपशिलाने मांडली आहे.

रुग्ण आणि योजना

वय ४८, गर्भाशयमुखाचा कर्करोग, टप्पा २-बी. मूत्रपिंडाला सूज नाही, क्रिएटिनिन ०.९. बीडच्या पलीकडचं गाव, एसटीने केंद्रापर्यंत चार-साडेचार तास. आठवडाभर रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत मुक्काम, शुक्रवारी शेक (किरणोपचार) झाला की गावी आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. बाह्य किरणोपचार २५ फ्रॅक्शनमध्ये ५० ग्रे (किरणांच्या डोसचं एकक), दर गुरुवारी सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध, त्यानंतर ब्रेकीथेरपी, म्हणजे नळीतून आतून दिलेला शेक.

या आजाराबद्दल जगाने जे शिकलं त्यातला मोठा भाग याच मातीतून आला आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीला १९८७ साली सुरू झाली आणि धाराशिवचे परंडा, भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारा तपासणीचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदा केलेली एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) चाचणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू कमी करते, हे त्यातून दिसलं. तरीही अनेक जणी आजार बळावल्यावरच येतात, आणि मग शेकाची अचूकता हाच त्यांचा आधार उरतो.

प्लॅनिंग सीटी (ज्यावर उपचार आखतात तो) मूत्राशय भरलेल्या अवस्थेत काढला होता: लघवी करून येणं, ५०० मिली पाणी, ४५ मिनिटं थांबणं. मूत्राशयात २८० मिली लघवी होती. गर्भाशय आणि गर्भाशयमुखाभोवती १५ मिमी मार्जिन (हालचालीसाठी धरलेली जादा जागा), लसीका ग्रंथींच्या पट्ट्याभोवती ७ मिमी. मूत्राशय रिकामं असतानाचा दुसरा सीटी काढला नव्हता. या प्रकरणातली पहिली त्रुटी इथेच आहे, आणि ती इमेजिंगच्या कितीतरी आधीची आहे.

रोजच्या तपासणीचा नियम असा: प्रत्येक फ्रॅक्शनला केव्ही जोडी, पहिली तीन फ्रॅक्शन्स कोन बीम सीटी, त्यानंतर आठवड्यातून एकदा, मंगळवारी. रोज सीटी का नाही, याचं कारण टाळण्यासारखं नाही. एका मशीनवर दिवसाला ७० रुग्ण. केव्ही जोडी जुळवून मोकळं व्हायला दोन मिनिटं लागतात, सीटी घेऊन नीट बघायला सहा. सगळ्यांचा रोज सीटी करायचा तर ७० गुणिले ४, म्हणजे २८० मिनिटं जास्त. चार तास चाळीस मिनिटं कुठून आणायची?

मंगळवारने काय लपवलं

पहिल्या आठवड्यात बाई रविवारीच येऊन राहिल्या होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन सीटी झाले आणि तिन्ही चांगले आले. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवारचा, म्हणजे सातव्या फ्रॅक्शनचाही चांगला आला. फाइलवर चार वेळा ‘जुळणी समाधानकारक’ अशी नोंद पडली.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी मशीनची ठरलेली देखभाल होती, म्हणून सीटी एक दिवस आधी, सोमवारी घेतला. त्यात मूत्राशय ७५ मिली भरलं, प्लॅनमध्ये २८०. पुढे झुकलेल्या गर्भाशयाला पुढून-खालून टेकू देणारं मूत्राशयच रिकामं असलं की माथा पुढे आणि खाली येतो. आला होता. १५ मिमीच्या मार्जिनबाहेर ७ मिमी. गर्भाशयमुख मात्र ५ मिमीच हललं होतं आणि मार्जिनच्या आतच होतं. गर्भाशयाने सोडलेल्या जागेत लहान आतड्याची वेटोळी उतरली होती, म्हणजे गर्भाशयासाठी आखलेला डोस आतड्याला मिळणार होता.

बीम सोडला नाही. बाईंना टेबलावरून उतरवलं.

‘पाणी प्यालात का?’ हा प्रश्न त्यांना रोजच विचारला जाई. त्यांचं उत्तरही खरं होतं: लघवी करून आल्या, अर्ध्या लिटरची बाटली संपवली, पाऊण तास थांबल्या. तरी मूत्राशय का भरलं नाही? सिस्टरने शेजारी बसून विचारलं, ‘मावशी, सकाळी उठल्यापासून आणखी काय काय प्यालात?’ तेव्हा कळलं. आदल्या रात्रीपासून पाणी जवळजवळ बंद. एसटीत लघवीला कुठे जाणार, स्टँडवरचं शौचालय वापरण्यासारखं नसतं, म्हणून प्रवासाच्या दिवशी त्या पाणीच घेत नव्हत्या. बाहेर बेचाळीस अंश. कोरड्या पडलेल्या शरीराने ते अर्धा लिटर आधी स्वतःसाठी ठेवून घेतलं, मूत्रपिंडांनी लघवी आवरून धरली. सीटीच्या दिवशी पाऊण तासात २८० मिली झालेली तीच बाई, तेच पाणी, तोच वेळ. सोमवारी ७५ मिली.

ही सवय या बाईंचीच नाही. लांबून येणाऱ्या बहुतेक स्त्रिया असंच करतात, आणि लघवीला जळजळ सुरू झाली की आणखी कमी पाणी पितात. हे त्यांच्या हातातलं नाही, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत आपण बदलू शकतो.

त्यांना ३०० मिली पाणी दिलं, चाळीस मिनिटं थांबवलं. पोर्टेबल सोनोग्राफीवर १८५ मिली दिसले. पुन्हा टेबलावर घेऊन केव्ही आणि सीटी. सीटीवर मूत्राशय २१० मिली, माथा ठरलेल्या जागेपासून ६ मिमीवर. शेक दिला.

आधी मशीनवरचा संशय दूर केला

अशा दिवशी पहिली शंका मशीनवर घ्यावी, कारण ती तपासायला सोपी आहे. मध्यभागी धातूची गोळी असलेला घनाकृती फँटम (रुग्णाच्या जागी ठेवायचा चाचणीचा ठोकळा) लेझरवर लावला आणि केव्ही, एमव्ही (उपचाराच्याच किरणांची इमेज), कोन बीम सीटी अशा तिन्ही पद्धतींनी गोळीचं केंद्र काढलं. तिन्ही आकडे एकमेकांच्या १ मिमीच्या आत. एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टीजी-१४२ अहवालात नेहमीच्या उपचारांसाठी इमेजिंग आणि उपचाराच्या केंद्रात २ मिमीपर्यंत फरक चालतो, स्टिरिओटॅक्टिकसाठी (छोट्या जागी मोठा डोस देण्याच्या अतिअचूक उपचारासाठी) १ मिमी. फँटम मुद्दाम ठराविक मिलिमीटरने सरकवून सॉफ्टवेअर तेवढाच सरकाव सांगतं का आणि टेबल तेवढंच हलतं का, हेही पाहिलं. बुधवारी, देखभालीनंतर पहिला रुग्ण घेण्याआधी, ही सगळी तपासणी पुन्हा केली. पॅनेल किंवा केव्हीचा हात काढून बसवला असेल तर हे टाळता येत नाही. तिथे दीड मिलिमीटरचा फरक पडला तर तो प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक फ्रॅक्शनमध्ये गुपचूप जातो.

प्रत्येक पद्धतीला काय दिसतं

लेझर आणि त्वचेवरच्या खुणा. याने सुरुवात होते, पण इथे थांबता येत नाही. मेमध्ये घामाने शाई पसरते, दोन दिवसांत रेष चार मिलिमीटर जाड होते आणि तिचा मध्य कुठला हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यात परकराची नाडी. कमरेवर घट्ट बांधलेली नाडी सोडून बाई लगेच आडव्या झाल्या तर त्वचा ओढलेलीच राहते आणि बाजूच्या खुणा वर सरकलेल्या दिसतात. टेबलावर घेण्याआधी नाडी सैल करून परकर मांडीपर्यंत खाली घेणं, दोन मिनिटं तसंच निजू देणं आणि मग लेझर बघणं, एवढ्याने उभ्या दिशेतला फरक बराच कमी होतो. हे काम महिला टेक्नॉलॉजिस्टनेच करावं. बाई संकोचाने अंग आखडून घेतात तेव्हा कंबरही आखडते, आणि ते इमेजवर दिसतं.

एमव्ही पोर्टल इमेज. जुन्या मशीनवर एवढंच असतं. उपचाराच्याच किरणांनी घेतलेलं चित्र, त्यामुळे किरणांचं केंद्र आणि चित्राचं केंद्र वेगळं असण्याची शंका राहत नाही. हा तिचा मोठा गुण. पण ६ एमव्हीच्या ऊर्जेला कॉम्प्टन परिणामच (किरणांचं विखुरणं, जे अणुक्रमांकावर फारसं अवलंबून नसतं) प्रबळ असतो. हाड आणि स्नायू यांच्यातला फरक त्यात जवळजवळ पुसला जातो. समोरून घेतलेल्या चित्रात ओटीपोटाच्या हाडांची कड ओळखता येते. बाजूने घेतलेल्यात दोन्ही खुबे एकमेकांवर येतात आणि माकडहाडाच्या वरची त्रिकास्थीची कड अंदाजाने धरावी लागते. दोन जणांनी तेच चित्र जुळवलं तर तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. मऊ भागांबद्दल तर काहीच कळत नाही.

केव्ही जोडी. केव्हीच्या ऊर्जेला फोटोइलेक्ट्रिक परिणाम (किरण शोषले जाणं) अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कॅल्शियमने भरलेलं हाड ठसठशीत दिसतं. डोस अगदी थोडा, वेळ दोन मिनिटं. या बाईंच्या तिसऱ्या आठवड्यातल्या पाचही फ्रॅक्शन्सना केव्हीने काढलेला सरकाव आणि कोन बीम सीटीवर हाडांनी काढलेला सरकाव यांत १ मिमीपेक्षा जास्त फरक आला नाही. अकराव्या फ्रॅक्शनला टेबल हलवून दुरुस्त केलेल्या सरकावाचे आकडे होते: उभ्या दिशेत २ मिमी, लांबीत ३ मिमी, बाजूला १ मिमी. म्हणजे हाडांपुरती केव्ही सीटीच्या तोडीस तोड आहे. लसीका ग्रंथी मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने असतात आणि त्या हाडांबरोबर राहतात, म्हणून ग्रंथींसाठी ही जुळणी योग्य आहे. गर्भाशय हाडाला बांधलेलं नाही.

इथे एक फसवं गणित होतं. केंद्राने मार्जिन तपासण्यासाठी आपल्याच केव्ही नोंदी वापरल्या होत्या. मार्जिन किती हवं हे सांगणारं व्हॅन हर्क यांचं सूत्र: पद्धतशीर (दर वेळी त्याच दिशेने होणाऱ्या) चुकीच्या २.५ पट अधिक रोज बदलणाऱ्या चुकीच्या ०.७ पट. दोन्ही चुका २ मिमी धरल्या तर ५ अधिक १.४, म्हणजे ६.४ मिमी. आकडा खरा आहे, पण तो हाडांचा आहे. त्यावरून ‘आमची १५ मिमी भरपूर झाली’ असं गर्भाशयाबद्दल म्हणता येत नाही. मूत्राशयाच्या भरण्यानुसार माथा तीन-चार सेंटिमीटरपर्यंतही जाऊ शकतो.

कोन बीम सीटी. साधारण १२५ केव्ही, पूर्ण फेरी, मिनिटभर वेळ, दर वेळी १ ते ३ सेंटिग्रेच्या आसपास डोस. २५ वेळा घेतला तर २५ ते ७५ सेंटिग्रे, म्हणजे ५० ग्रेच्या ०.५ ते १.५ टक्के. एएपीएमचाच टीजी-१८० अहवाल इमेजिंगचा डोस ठरवलेल्या डोसच्या ५ टक्क्यांपुढे गेला तर तो हिशेबात धरायला सांगतो. इथे आपण त्याच्या बरेच खाली आहोत, त्यामुळे डोसची भीती हे सीटी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. अडचणी वेगळ्या आहेत. एका फेरीत साधारण १६ सेंटिमीटर लांबी येते आणि ग्रंथींचं क्षेत्र त्याहून लांब असतं, म्हणून केंद्र थोडं खाली घेऊन माथ्यापासून गर्भाशयमुखापर्यंतचा भाग आत येईल असं बघावं लागतं. गुदाशयात वायू असेल आणि त्या मिनिटभरात तो हलला तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात आणि गर्भाशयमुखाची मागची कड हरवते.

बघण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी हाडांवर जुळवायचं. जुळणीची चौकट त्रिकास्थी आणि कमरेच्या हाडांपुरती ठेवायची, मांडीचं हाड आत घेतलं तर पाय थोडा फिरल्यावर सगळी जुळणी तिरकी होते. मग मूत्राशयाची कड, मग बाजूच्या छेदात माथा, मग गर्भाशयमुख, गुदाशयाची रुंदी, शेवटी आतडी. आडव्या छेदांवर नजर ठेवून माथ्याचा सरकाव हमखास चुकतो. तो बाजूच्या छेदातच दिसतो, म्हणून प्लॅनमधली मार्जिनची रेष त्याच छेदावर चढवून बघायची सवय लावावी.

आणि सर्वात महत्त्वाचं: माथा पुढे दिसला म्हणून टेबल तेवढं सरकवायचं नाही. टेबल २२ मिमी हलवलं तर गर्भाशय क्षेत्रात येईल, पण हाडांबरोबरच्या ग्रंथी क्षेत्राबाहेर जातील. इथे सीटीचं काम ‘सरकवा’ सांगण्याचं नाही, ‘द्या’ किंवा ‘थांबा’ सांगण्याचं आहे. नव्याने सीटी वापरणाऱ्या केंद्रावर सर्वात मोठी चूक इथेच होते.

सोनोग्राफी. मूत्राशयाची लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार गुणिले ०.५२. सोमवारचे आकडे ७.४, ६.६ आणि ७.३ सेंटिमीटर, उत्तर १८५ मिली. त्या आठवड्यात सीटीशी ताडून पाहिलं: १८५ च्या जागी सीटीवर २१०, २२५ च्या जागी २६५, ३७० च्या जागी ४३०. दर वेळी साधारण १२ ते १५ टक्के कमी. चूक एकाच दिशेची असल्यामुळे ती धरून चालता येतं, मात्र प्रोब जोराने दाबला की हे नातंही बिघडतं. गर्भाशय कुठे आहे हे सोनोग्राफी या कामापुरती सांगत नाही. पण ती टेबलाबाहेर, रांगेतच करता येते, आणि मशीनचा एकही मिनिट जात नाही. ७० रुग्णांच्या केंद्रावर या गोष्टीची किंमत फार मोठी आहे.

छतावरच्या कॅमेऱ्यांची पृष्ठभाग-पद्धत (त्वचेचा आकार बघून रुग्णाची जागा सांगणारी) या केंद्रावर नव्हती. चौदाव्या फ्रॅक्शनला ती असती तर बरं झालं असतं: बाजूच्या केव्ही चित्रात त्रिकास्थी ३.५ अंश कललेली दिसली. गुडघ्याखालचा आधार इंडेक्सिंग बारच्या एका खाचेने पुढे बसला होता. साध्या टेबलाला हा कल दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधार योग्य खाचेत बसवून पुन्हा जोडी घेतली. पृष्ठभागाच्या कॅमेऱ्याने हे इमेज घेण्याआधीच दाखवलं असतं. त्वचेखालचं मूत्राशय मात्र त्यालाही दिसत नाही, आणि त्यासाठी पोट-कंबर उघडं ठेवावं लागतं. त्याची तयारी आधी करावी लागते.

गुरुवारचं उलटं चित्र

सोमवारचं कारण कळल्यावर त्या आठवड्यातली उरलेली सगळी फ्रॅक्शन्स सीटीखाली घेतली. बुधवार, बारावं: २६५ मिली, सगळं जागेवर. गुरुवार, तेरावं: ४३० मिली. माथा १८ मिमी वर आणि मागे. त्या दिवशी सिस्प्लॅटिन होतं. आधी सलाइन, मग औषध, मग पुन्हा सलाइन आणि लघवी सुटण्याचं औषध. बाई वॉर्डातून थेट मशीनवर आल्या होत्या, आणि सवयीप्रमाणे वर अर्धा लिटर पाणीही प्यालेल्या. केव्हीवर त्या दिवशीही हाडं जुळलेलीच.

‘थोडी लघवी करून या’ असं सांगणं टाळलं. अर्धवट लघवी करून नेमकी दीडशे मिली कमी करणं कुणालाच जमत नाही, आणि आजारी बाईला तर मुळीच नाही. पूर्ण लघवी करायला सांगितलं, सलाइन चालूच होतं, पंचवीस मिनिटांत सोनोग्राफीवर २२० आले, पाणी द्यावंच लागलं नाही. पुढच्या गुरुवारांसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून हाच क्रम कायम केला: वॉर्डातून निघताना पूर्ण लघवी, वरून पाणी नाही, दर दहा मिनिटांनी सोनोग्राफी.

म्हणजे आठवड्याला एक ठेका होता. सोमवारी कमी, गुरुवारी जास्त, मंगळवारी नेमकं हवं तेवढं. आणि सीटी मंगळवारी.

काय बदललं

बुधवारीच शेकानंतर दोन सीटी घेतले. आधी भरलेल्या मूत्राशयाने, २६५ मिली. मग लघवी करून आल्यावर, ६० मिली. दोन्ही हाडांवर जुळवून माथ्याची दोन्ही टोकं आणि मधली सगळी जागा एकत्र धरून नवं लक्ष्य आखलं. त्याभोवती १० मिमी मार्जिन पुरेसं ठरलं, कारण हालचाल आता मार्जिनवर सोपवलेली नव्हती. त्याची किंमत आतड्याने मोजली: ४५ ग्रे मिळणाऱ्या आतड्याच्या पिशवीचं (आतडं फिरू शकतं त्या सगळ्या भागाचं) आकारमान १५० घन सेंटिमीटरवरून १८५ वर गेलं. अवयवांच्या डोस-मर्यादा देणाऱ्या क्वांटेक अहवालातली मर्यादा १९५ आहे. शनिवारी पंधरावं फ्रॅक्शन देऊन मंगळवारची सुट्टी भरून काढली. सोळाव्यापासून नवा प्लॅन.

भरलेल्या आणि रिकाम्या मूत्राशयाचे दोन वेगळे प्लॅन ठेवून रोज सीटी बघून एक निवडायचा, हाही मार्ग चर्चेत आला. आतडं त्यात जास्त वाचतं. पण रोज सीटी, रोज निर्णय घेऊ शकणारा माणूस मशीनपाशी, आणि एखाद्या गर्दीच्या दिवशी चुकीचा प्लॅन उघडला जाण्याचा धोका, हे सगळं त्यासोबत येतं. दिवसाला ७० रुग्ण असताना तो मार्ग न घेणं योग्यच होतं.

इमेजिंगची किंमत वसूल होते का, अशी शंका कुणी घेतली तर टाटा मेमोरियलच्या पार्सर चाचणीकडे बोट दाखवता येतं. शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या ३०० स्त्रियांत इमेजच्या मदतीने दिलेल्या आयएमआरटीत (किरणांची तीव्रता लक्ष्याच्या आकाराप्रमाणे बदलणाऱ्या शेकात) तीन वर्षांत मध्यम किंवा त्याहून गंभीर उशिराचा आतड्याचा त्रास २१.१ टक्के जणींना झाला, साध्या पद्धतीत ४२.४ टक्के. त्या स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं होतं, त्यामुळे माथ्याचा प्रश्न त्यांना नव्हता. पण त्याच ओटीपोटात, त्याच आतड्यासाठी मार्जिन आवळता येणं किती मोलाचं आहे, हे त्यातून स्पष्ट होतं.

पाण्याचा नियम नव्याने लिहिला. सकाळी ७ ते ९ मध्ये एक लिटर, घोट घोट. प्रवासाच्या दिवशी पोचल्यावर आधी ओआरएस आणि वेळ दुपारची, सकाळची नाही. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पूर्ण लघवी, मग खूण केलेल्या बाटलीने ५०० मिली दहा मिनिटांत. चाळीस मिनिटांनी सोनोग्राफी. २०० ते ३५० मिली असेल तर आत; कमी असेल तर आणखी २५० मिली आणि वीस मिनिटं, रांगेतला पुढचा रुग्ण आधी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या बाईला हा आकडा आंधळेपणाने लावायचा नाही, तिच्यासाठी डॉक्टरांनी वेगळा ठरवायचा. विचारायचे प्रश्नही बदलले. ‘पाणी प्यालात का’ याऐवजी ‘सकाळपासून किती तांबे झाले, शेवटची लघवी कधी केली, पिवळी होती का’. केंद्राच्या दारात स्वच्छ, कडी असलेलं, पाणी असलेलं शौचालय हवं, हेही नियमात लिहिलं. नाहीतर बाकीचं सगळं कागदावरच राहतं.

आणि सीटीचा वार बदलला. सोमवार आणि गुरुवार, म्हणजे बिघडण्याची शक्यता सर्वात जास्त असलेले दोन दिवस. शिवाय सोनोग्राफी हद्दीबाहेर असेल तो कुठलाही दिवस. आठवड्याला एकच सीटी परवडत असेल तर तो दर आठवड्याला वेगळ्या वारी घ्यावा.

शेवटच्या आठवड्यात मूत्राशयाची जळजळ वाढली, १८० मिलीच्या पुढे त्यांना धरवेना. नव्या लक्ष्यात ती अवस्था आधीच धरलेली होती, त्यामुळे ताण दिला नाही. तेविसाव्या फ्रॅक्शनला गुदाशयात साडेचार सेंटिमीटर रुंद वायू होता आणि त्याने गर्भाशयमुख पुढे ढकललं होतं. चालून येऊन वायू सरल्यावर दुसऱ्या सीटीत ते जागेवर आलं. तेवढा एक दिवस सोडला तर पंचविसाव्या फ्रॅक्शनपर्यंत थांबावं लागलं नाही.

उरली ती आधीची, बिघडण्याच्या वारांना पडलेली तीन फ्रॅक्शन्स: चौथं आणि नववं गुरुवारचं, सहावं सोमवारचं. त्यांच्या केव्ही जोड्या पुन्हा उघडून पाहिल्या, हाडं तिन्ही दिवशी उत्तम जुळलेली. मूत्राशयाचा आकडा कुठेच नाही, सोनोग्राफी तेव्हा सुरूच झालेली नव्हती. चुकलेला डोस किती, याचं गणित यावरून होत नाही आणि अंदाजाने करूही नये. ब्रेकीथेरपीची नळी गर्भाशयाच्या पोकळीतून माथ्याजवळ जाते, त्यामुळे तिथे डोस पोचतो. पण किती पोचवायचा हे ठरवणाऱ्या डॉक्टरांना आधीचं खरं माहीत असलं पाहिजे. म्हणून सारांशाच्या कागदावर प्लॅनच्या आकड्यांखाली एक ओळ हाताने लिहिली: ‘फ्रॅक्शन ४, ६, ९: हाडं जुळलेली, गर्भाशयाची जागा तपासलेली नाही.’